पट्टीकाकांचे तीन ठिपके

पट्टीकाकांना सकाळी पेन्सिलींना टोक काढायला वीस मिनिटं लागायची आणि त्या वीस मिनिटांत त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. पेन्सिली तीन. एक कठीण, एक मऊ आणि एक लाल. जोडीला फूटभर लाकडी पट्टी. शेअर दलालाच्या त्या पेढीत रोज काही ना काही हरवायचं. छत्र्या हरवायच्या, चष्मे हरवायचे, एकदा तर मालकांची कवळी हरवली होती. पण काकांची पट्टी एकतीस वर्षांत जागची हलली नाही. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथंच राहिलं. सगळ्या जगाला ते पट्टीकाका.

पेढी दुसऱ्या मजल्यावर होती. जिना असा की चढणारा आणि उतरणारा मध्ये भेटले तर एकाला उलटं फिरावं लागे. वर लांबट खोली. एका टोकाला जाळीचं काउंटर, दोन काळे फोन, नंतरच्या काळात दोन कॉम्प्युटर. दुसऱ्या टोकाला भिंतभर फळा आणि त्यावर टाचण्यांनी लावलेले काकांचे आलेख. मध्ये बाकं. त्या बाकांवर निवृत्त पोस्टमन, शिंपी, दाताचे डॉक्टर अशी मंडळी रोज येऊन बसायची. काही सौदे करायला यायची, काही नुसती बसायला. घरी बायको हाकलते आणि इथं चहा मिळतो, एवढं कारण पुरे होतं. काय दिवस होते ते! आता त्या जागी म्हणे व्यायामशाळा आहे.

काकांचं काम वरवर साधं. चौकटीच्या कागदावर वरच्या भागात रोजच्या भावाची रेघ आणि खाली, त्या दिवशी त्या कंपनीचे किती शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेले, त्याची उभी काठी. उलाढाल जास्त तर काठी उंच, कमी तर बुटकी. लोक रेघ बघायचे. काका काठ्या बघायचे.

“भावाचं काय घेऊन बसलात!” ते म्हणायचे. “भाव दोन माणसंसुद्धा चढवतात. एकानं विकायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, दोघं साडू असले की झालं. पण उंच काठी उभी करायची तर माणसं लागतात, माणसं!”

दाताचे डॉक्टर मोठे चिकित्सक. ते मुद्दाम काडी टाकायचे. “काका, जेवढे शेअर विकले गेले तेवढेच कुणीतरी घेतले ना? मग तुमच्या काठीनं कळतं काय? कप्पाळ?”

“डॉक्टर, तुमच्याकडे दिवसाला एक माणूस आला तर तुम्ही काय समजता?”

“धंदा बसला.”

“आणि चाळीस आले तर?”

“गावात मिठाईचं दुकान निघालं.”

“झालं तर मग. दात तेच, कळ तीच. आकडा बघितला की बाहेर काहीतरी घडलंय ते समजतं. काय घडलंय ते शोधायला मग डोकं लागतं, ते काठी देत नाही.”

आणि काकांचं पुष्कळदा बरोबर निघायचं. सायकलचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीचा भाव तीन आठवडे घसरत होता, सगळे हवालदिल. काका शांत. कारण खाली काठ्या रोज बुटक्या होत चालल्या होत्या. “विकणारे दमलेत. आता फक्त भित्रे उरलेत,” ते म्हणाले, आणि महिन्याभरात भाव मूळपदावर आला. उलट एका कागद गिरणीच्या उंच काठीवर त्यांनी मोठी भिस्त ठेवली, तर निघालं काय, की दोन भावांनी वाटणी करताना आपसात शेअर फिरवले होते. दुसऱ्या दिवशी काकांनी त्या आलेखाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, “इथे मी चुकलो.” तो कागद वर्षभर फळ्यावर होता. अशी माणसं आता दिवा घेऊन शोधा.

फळ्याची एक रीत होती. एखाद्या काठीनं लक्ष वेधलं की काका तिच्या डोक्यावर लाल ठिपका द्यायचे. एक ठिपका म्हणजे नजर ठेवा. दोन म्हणजे इथं कुणीतरी मोठं माणूस शिरतंय. तीन ठिपके म्हणजे माझी खात्री आहे. तीन ठिपके वर्षातून दोनदा-तीनदा पडायचे आणि पडले की बाकांवर चहासुद्धा थंड व्हायचा.

काकांची ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते. तेव्हापासून ताईच आई, ताईच बाप. एकदा दुकानदारानं चुकून एका पेन्सिलीच्या पैशांत दोन दिल्या. हे पोर उड्या मारत घरी आलं, तर ताईनं भर उन्हात परत पिटाळलं. “जा, देऊन ये. आणि चूक त्याची होती हे त्याला सांगू नकोस, उगाच ओशाळेल.” ही गोष्ट काकांनी आयुष्यात किमान शंभर वेळा सांगितली असेल.

भावाला मार्गी लावता लावता ताईचं लग्नाचं वय निघून गेलं. ती मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायची आणि शाळेच्याच वसतिगृहात राहायची. तेहतीस वर्षं तिनं अशा खोलीत काढली, जिचं दार कुठल्याही मुलीनं कधीही वाजवावं. कुणाचं पोट दुखतंय, कुणाला घरची आठवण येतेय. आता निवृत्ती आली होती आणि वर्षअखेर खोली सोडायची होती. काका म्हणाले, “आमच्याकडे ये.” ताई म्हणाली, “येईन की, जेवायला. राहायला नाही.” शाळेमागच्या नव्या इमारतीत तिनं एक छोटं घर बघून ठेवलं होतं. एक खोली, ओटा आणि आतून लावता येईल असं स्वतःचं दार. निवृत्तीची रक्कम थोडी कमी पडत होती. चौथा हिस्सा म्हणा ना.

“तुझ्या काठ्या काय म्हणतात?” एक दिवस तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

काका नातेवाइकांना कधीच सल्ला द्यायचे नाहीत. बुडालं की नातं बुडतं, हा त्यांचा कडक नियम. पण ताईनं त्यांच्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, “बघतो.” आणि खरंच बघायला लागले, रोज, अधाशासारखे.

बाटल्यांची बुचं बनवणारी एक चिमुकली कंपनी होती. दिवसाला तिचे चारशे-पाचशे शेअर इकडचे तिकडे व्हायचे. एका सोमवारी बाराशे झाले. काकांची भुवई वर गेली, एक ठिपका पडला. दुसऱ्या दिवशी साडेचार हजार. भावही थोडा वर. काकांनी रात्रभर कूस बदलली आणि आणखी एका उंच काठीनंतर दुसरा ठिपका दिला. मग दोन आठवड्यांत काठी नऊ हजारांवर गेली. बातमी काही नाही, कंपनीकडून अवाक्षर नाही आणि तरी कुणीतरी शांतपणे ओढून घेतंय! काकांच्या मते यापेक्षा चांगली खूण नव्हती. त्यांनी ताईची सगळी रक्कम त्या शेअरमध्ये घातली आणि त्याच संध्याकाळी तिसरा ठिपका दिला. आधी ताईचे घेतले आणि मग ठिपका दिला, हे त्यांच्या मनाला जरा टोचलं. पण तेवढंच.

पुढच्या दहा दिवसांत भाव दीडपट झाला. घराचा प्रश्न सुटला, वर पडद्यांचेही पैसे निघाले. ताई पडद्यांचे रंग बघून आली. काका म्हणाले, “चार दिवस थांब. काठ्या अजून वाढतायत.”

घराच्या नोंदणीसाठी ताईच्या कागदांच्या प्रती काढायच्या होत्या. पेढीजवळचं दुकान बंद होतं म्हणून काका सकाळी बाजार उघडायच्या आधी दोन गल्ल्या पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथं ही रांग! आणि झेरॉक्सवाला मशीनवरून हात काढायला तयार नाही.

“थांबा थोडं, काका. हा कागद आधी निघायला हवा.”

“एवढं काय घाईचं?”

“पट्टीकाकांचा फळा आहे हा. त्यांच्या पेढीतला एक कारकून संध्याकाळी आणून देतो. बाजार उघडायच्या आत लोकांच्या हातात लागतो.”

 मशीनमधून त्यांच्याच काठ्या भसाभस बाहेर येत होत्या. कोपऱ्यात झेरॉक्सवाल्याची बायको स्टुलावर बसून लाल स्केचपेननं प्रत्येक कागदावर ठिपके देत होती.

“झेरॉक्समध्ये लाल काळं दिसतं ना,” झेरॉक्सवाला कौतुकानं म्हणाला. “गिऱ्हाइकांना लालच पाहिजे. आणि हिचा हात छान आहे.”

“रोज किती काढता?”

“इथं दीडशे. इथून आणखी दोन दुकानांत जातो. महिनाभर नुसता ऊत आलाय. तीन ठिपके पडले म्हटल्यावर लोक डोळे मिटून घेतात.”

काका दुकानाच्या पायरीवर बसले आणि मनात हिशेब मांडला. हिशेब काही फार अवघड नव्हता. दीडशे इथले, शंभर-दोनशे तिकडचे, कुणी पंचवीस घेत असेल, कुणी पन्नास. नऊ हजार! कुणी मोठं माणूस शिरलं नव्हतं. पहिल्या सोमवारी कुणीतरी गरजेपोटी चार शेअर जास्त विकले असतील, बस. काकांनी ठिपका दिला म्हणून लोकांनी घेतले. लोकांनी घेतले म्हणून काठी उंच झाली. काठी उंच झाली म्हणून काकांनी दुसरा ठिपका दिला. महिनाभर ते ज्याच्याकडे टक लावून बघत होते ती त्यांची स्वतःचीच सावली होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची गर्दी मोजणाऱ्याला त्या गर्दीत आपण उभे आहोत हे कळलं नाही. कळणार कसं? असा फळा दुसऱ्या कुणाकडे नव्हताच.

ते पेढीवर आले तेव्हा बाजार नुकताच उघडला होता. भाव आणखी वर. काकांना दोन गोष्टी लख्ख दिसत होत्या. एक, हे आता सांगितलंच पाहिजे. दोन, सांगितलं की भाव कोसळणार आणि ताईचं घर जाणार. पण मध्ये एक फट होती. आधी गुपचूप ताईचे शेअर विकायचे आणि मग सांगायचं. पाच मिनिटांचं काम. कुणालाही कळलं नसतं.

त्यांनी विक्रीची चिठ्ठी लिहिलीसुद्धा. ताईचं नाव, संख्या, सगळं. चिठ्ठी घेऊन काउंटरपाशी गेले, तर पुढे शिंपी उभा. हातात कपड्याच्या मापांच्या वहीचं पान, त्यावर त्याची खरेदी लिहिलेली.

“काका, आणखी पन्नास घेतो. मशीन घ्यायचं राहू दे म्हटलं मंडळींना. तुमचे तीन ठिपके आहेत, मग मला काय धाड भरलीय!”

ताईचे शेअर घेणार कोण? हाच. हा, पोस्टमन आणि लाल स्केचपेनचे कागद हातात धरून बसलेले सगळे. काकांनी चिठ्ठीची घडी केली आणि खिशात टाकली.

वसतिगृहात फोन होता. ताईला बोलावून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. काकांचा हात फोनपर्यंत गेलाही होता. पण ते मनाशी म्हणाले, ताईला काय विचारायचं? ताई म्हणजे ताई. भर उन्हात परत पाठवणारी. ती काय म्हणेल हे काय मला माहीत नाही? आणि त्यांनी हात मागे घेतला.

मग ते फळ्यापाशी गेले, बुचाच्या कंपनीचा आलेख काढला आणि उलट्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, “ही काठी आपलीच आहे. मी ठिपका दिला, तुम्ही घेतलेत, तेच मी पुन्हा मोजलं. बाहेरचं कुणीही नाही. तिन्ही ठिपके मागे घेतो.” कागद टाचला आणि काउंटरवरच्या शिंप्याला म्हणाले, “घेऊ नकोस. आहेत ते वीक. पळ.”

पुढचा अर्धा तास पेढीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. जिन्यात माणसं अडकली. जे चपळ होते ते सुटले. शिंपी सुटला, थोड्या नुकसानीत. पोस्टमन निम्मा सुटला. डॉक्टर दवाखान्यात होते, ते राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांचा सर्वांसमोर असा काही उद्धार केला की बाकांवरच्यांनी माना खाली घातल्या. त्या कारकुनाला मालकांनी नारळ दिला. काकांनी ताईची चिठ्ठी सगळ्यांच्या शेवटी लावली. तोपर्यंत घेणारा औषधालाही उरला नव्हता. पुढचे सोळा दिवस भाव रोज उतरत होता आणि खाली काठी जवळजवळ नव्हतीच. शेवटी ताईचे शेअर विकले गेले तेव्हा रकमेचा तिसरा हिस्सा हाती आला.

आता कुणी म्हणेल, शहाणा माणूस, निदान रांगेत तरी सगळ्यांबरोबर उभं राहायचं! शेवटी कशाला? पण काकांचा स्वभाव. आधी टोचलेलं होतं ना, ते त्यांनी असं फेडलं. ताईच्या पैशानं.

शेअर विकले गेले त्या संध्याकाळी ते वसतिगृहावर गेले. अंगणात मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. काकांनी सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघत. ताई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरं.” मग थोड्या वेळानं, “जेवलास का?” काका तिथंच रडले. घरी येऊन बायकोला म्हणाले, “बघ, माझी ताई! एका शब्दानं बोलली नाही.”

वर्षअखेर ताई दोन ट्रंका घेऊन काकांकडे राहायला आली. बाहेरच्या खोलीत, कॉटवर. नणंद-भावजयीचं मेतकूट असं जमलं की काकाच घरात पाहुणे झाले. ताईनं सकाळी केर काढायचा, बायकोनं नको म्हणायचं, दोघींनी लटकं भांडायचं. काकांची लेक शाळेत जायची, तिची भूमिती ताईनं घटवून घेतली. फळ्याचं काम काकांनी निवृत्तीपर्यंत केलं, पण लाल पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं नाही. त्या दिवसांतल्या घराचा आवाज काकांना आजही झोपेत ऐकू येतो. ताई सगळ्यांच्या आधी उठायची आणि कुणाला जाग येऊ नये म्हणून कपाचा कान धरून कप खाली ठेवायची. नऊ वर्षं. काका म्हणायचे, ती आमच्या घराची सोन्याची वर्षं होती. 

त्याच नऊ वर्षांत लेक नोकरीला लागली. तिलाही शेअरचं वेड लागलं. रक्तच ते. एका रविवारी दुपारी ती मोबाइल घेऊन काकांच्या शेजारी येऊन बसली. पडद्यावर वर भाव, खाली हिरव्या-तांबड्या काठ्या.

“बाबा, खरं सांगा, या व्हॉल्यूमवर, म्हणजे तुमच्या काठ्यांवर, निर्णय घ्यावा का? ऑफिसात निम्मे हो म्हणतात, निम्मे हसतात.”

काका खुशीत आले. किती वर्षांनी कुणी विचारलं होतं! “घ्यावा. पण एकटीच्या जोरावर नाही. भाव कुठं चाललाय त्याच्या शेजारी ठेवून बघायची काठी. भाव वर आणि काठी बुटकी, तर सावध. रोज चारशेची सवय असलेली एकदम चार हजार झाली, तर आधी कारण शोध, मग पैसे काढ. आणि कंपनी चिमुकली असेल तर शंभरदा विचार, तिथं मूठभर माणसंसुद्धा डोंगर उभा करतात. आता माझंच बघ ना...”

आणि त्यांनी बुचाच्या कंपनीची गोष्ट सुरू केली. लेकीनं ती लहानपणापासून ऐकली होती, तरी ऐकत होती. कॉटवर ताई उशीला अभ्रा घालत होती. झेरॉक्सवाल्याची बायको झाली, शिंपी झाला, घडी केलेली चिठ्ठी झाली. मग काका नेहमीच्या जागी आले. या जागी ते नेहमी जरा थांबायचे आणि ताईकडे अभिमानानं बघायचे.

“फोनपर्यंत हात गेला होता माझा. पण म्हटलं, विचारायचं काय? मी विचारलं असतं तरी ताईनं विकू दिले नसतेच.”

“दिले असते,” ताई म्हणाली.

काका हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतेय.

“विकून टाक म्हणाले असते,” ताईनं अभ्र्याची टोकं ओढून सरळ केली. “मला घर हवं होतं. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना दार उघडलं मी. एकदा तरी आतून लावून बसायचं होतं. शिंप्याचं वाईट वाटलं असतं, पण विकले असते.”

लेकीनं मोबाइल उलटा करून ठेवला.  काका म्हणाले, “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू सगळ्यांना सांगत होतास, माझी ताई अशी, माझी ताई तशी. इतका आनंद व्हायचा तुला. कुठं मोडायचा तो?” ताईच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर काकांना बरं वाटलं असतं. “तू केलंस ते बरोबरच केलंस रे. फक्त मला विचारायचं होतंस. हो की नाही, ते म्हणायची संधी तरी मला द्यायची.”

 ताईनं उशी जागेवर ठेवली, तिच्यावर दोन थापा मारल्या आणि काकांकडे बघून म्हणाली, “अरे, थांबलास का? पोरगी ऐकतेय ना. पुढचं सांग.”